वसईच्या संताची नागासाकी

धर्मग्रामाचा महोत्सव हा कृतज्ञतेचा प्रसंग होय. अशा वेळीं आपण मंदिराची रंगरंगोटी करतों, वेदी फुलांनीं सजवितों, आणि ज्या धर्मगुरूंनीं येथें श्रम केले त्यांचीं नांवें आदरानें घेतों. हें सर्व उचितच आहे. परंतु या आनंदाच्या दिवसांत एक प्रश्न वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें. हें मंदिर नसतें, धर्मगुरु नसते, मिस्साबलि नसता, घंटा नसती, आणि जपमाळ हातीं धरणें हाच गुन्हा ठरला असता, तर आपली श्रद्धा किती वर्षें टिकली असती? आपल्या मुलांपर्यंत ती पोहोंचली असती काय? नातवंडांपर्यंत? त्यांच्याहि नातवंडांपर्यंत?

हा प्रश्न केवळ कल्पनेचा नाहीं. पृथ्वीच्या पाठीवर एक गांव असें आहे कीं, जेथें तो खरोखरच विचारला गेला, आणि त्याचें उत्तर एकामागून एक सात पिढ्यांनीं दिलें. तें गांव म्हणजे जपान देशांतील नागासाकी. त्या गांवाच्या कथेच्या आरंभींच आपल्या वसईच्या एका सुपुत्राचें रक्त सांडलें आहे. म्हणून ती कथा आपणांस परकी नव्हे.

जपानांत सुवार्ता प्रथम नेली ती संत फ्रान्सिस झेवियर यांनीं, इ. स. १५४९ सालीं. हेच थोर संत तत्पूर्वीं वसईसहि येऊन गेले होते. त्यांच्या येशूसंघाचे धर्मगुरु वसईंत शिक्षणाचें कार्य करीत असत, आणि त्यांच्याच छायेखालीं गोन्सालो गार्सिया हा मुलगा वाढला. त्याचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईस झाला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इकडचीच. पोर पंधरा-सोळा वर्षांचें झालें तोंच तें धर्मगुरूंबरोबर जपानला गेलें. तेथील भाषा त्यानें अशी आत्मसात केली कीं, जपानी लोक त्याचें बोलणें आवडीनें ऐकत. सुमारें आठ वर्षें तो धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा ही त्याच्या जिवाची एकच आस होती. परंतु ती पुरी झाली नाहीं.

येथें आपण क्षणभर थांबलें पाहिजे. संतांचीं चरित्रें वाचतांना त्यांच्या शेवटच्या विजयाकडे आपलें लक्ष जातें. मधल्या निराशेकडे जात नाहीं. ज्या दारावर आठ वर्षें उभें राहावें तेंच दार उघडूं नये, ही परीक्षा कांहीं लहान नव्हे. मन खट्टू होऊन कित्येक माणसें अशा वेळीं देवालाच सोडचिठ्ठी देतात. गोन्सालोनें दुःख मानलें, पण देवाशीं अबोला धरला नाहीं. तो व्यापारास लागला. धंद्यांत त्यास यशहि चांगलें आलें. परंतु पैसा गांठीं आला तरी अंतरींची हांक बुजली नाहीं. व्यापाराच्या निमित्तानें तो फिलिपिन्स बेटांतील मनिला शहरीं जात असे. तेथें फ्रान्सिस्कन संघाचीं माणसें त्याच्या दृष्टीस पडलीं, आणि त्या अकिंचन साधूंत तो साधा बंधु म्हणून सामील झाला. एक दार बंद झालें होतें. देवानें दुसरें उघडलें. आणि त्या दुसऱ्या दारानें त्याची वाट पुन्हा जपानकडेच गेली! १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता हे मनिलाच्या गव्हर्नराचे वकील म्हणून जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी याच्या भेटीस निघाले, तेव्हां त्यांस दुभाष्या हवा होता. बंधु गोन्सालोहून योग्य दुभाष्या कोठें मिळणार? व्यापारी म्हणून आणि धर्मशिक्षक म्हणून जें जें तो शिकला होता, त्यांतील कांहींच वायां गेलें नाहीं.

हिदेयोशीनें परदेशी धर्मगुरूंनीं देश सोडावा असा हुकूम १५८७ सालींच काढला होता. पण त्याची अंमलबजावणी सक्तीची नव्हती. फ्रान्सिस्कन बंधूंनीं क्योतो राजधानींत मंदिर बांधलें आणि महारोग्यांसाठीं रुग्णालयें चालविलीं. तीन-चार वर्षें कार्य शांतपणें चाललें. पुढें १५९६ च्या ऑक्टोबरांत ‘सान फेलिपे’ नांवाचें एक स्पॅनिश गलबत वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मालावरून तंटा उपस्थित झाला. धर्मगुरु म्हणजे परराज्याच्या स्वारीचे अग्रदूत होत, असा संशय हिदेयोशीच्या मनांत भरविण्यांत आला. आणि त्याचा कोप निरपराध माणसांवर कोसळला.

चोवीस जणांस पकडण्यांत आलें. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभीं क्योतो येथें त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढली, आणि ऐन हिंवाळ्यांत त्यांस नागासाकीकडे नेलें. शेंकडों मैलांची ती वाट चालण्यास सुमारें महिना लागला. वाटेंत त्यांची सेवा करणारे दोघे जण त्यांतच गोंवले गेले, आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. लुइस इबाराकी हा तर अवघा बारा वर्षांचा होता. आंतोनियो तेरा वर्षांचा, तोमास कोझाकी चवदा वर्षांचा. या तोमासानें वाटेवरून आपल्या आईस पत्र लिहिलें. बाप त्याच्याबरोबरच मरणाच्या वाटेवर चालत होता. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रोंवण्यांत आले, आणि त्यांवर बांधून भाल्यांनीं त्यांचा अंत करण्यांत आला. येशूसंघाचे बंधु पाउलो मिकी यांनीं क्रूसावरूनच लोकांस उपदेश केला, आणि आपणांस मारणाऱ्यांस क्षमा केली. बंधु गोन्सालो त्या वेळीं चाळिशीचा होता. वसईच्या वाडींतून निघालेली त्याची वाट या टेकडीवर संपली.

या रक्तसाक्षींस १६२७ सालीं धन्य पदवी मिळाली, आणि ता. ८ जून १८६२ रोजीं परमगुरुस्वामी नववे पायस यांनीं त्यांस संतपद बहाल केलें. भारतभूमींत जन्मलेल्यांत संतपदाचा मान प्रथम मिळाला तो आमच्या वसईकराला.

परंतु मारणाऱ्यांना वाटलें होतें कीं, एवढी दहशत बसविल्यावर हा धर्म मरेल. तसें झालें नाहीं, म्हणून शस्त्र अधिक धारदार करण्यांत आलें. १६१४ सालीं तोकुगावा सरकारनें ख्रिस्ती धर्मास सर्व देशांत बंदी केली. त्या काळीं ख्रिस्ती लोक तीन लाखांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. १६२२ च्या सप्टेंबरांत त्याच निशिझाका टेकडीवर आणखी पंचावन्न जणांस मारण्यांत आलें. १६३७-३८ सालीं जुलमी करांनीं आणि छळानें पिडलेल्या शिमाबारा प्रांतांतील शेतकऱ्यांनीं बंड केलें, तें रक्तांत बुडविण्यांत आलें. १६३९ सालीं पोर्तुगीज गलबतांस बंदरें बंद झालीं. मान्शियो कोनिशी हे देशांत उरलेले शेवटचे धर्मगुरु; त्यांनींहि १६४४ सालीं प्राणार्पण केलें.

त्यानंतर काय उरलें? वरवर पाहतां कांहींच नाहीं. प्रत्येक कुटुंबाचें नांव बौद्ध मठाच्या वहींत नोंदलेलेंच पाहिजे असा कायदा झाला. पांच-पांच घरांचा एक गट करून एकाच्या अपराधाबद्दल सर्वांस जबाबदार धरण्यांत येई. ख्रिस्ती माणूस दाखवून देणाऱ्यास चांदीच्या नाण्यांचें बक्षीस लावलेलें असे. आणि नागासाकीच्या मुलखांत दरवर्षीं लहानथोरांस एका जागीं बोलावून ख्रिस्ताच्या किंवा पवित्र मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. जो कचरला तो ख्रिस्ती ठरला.

वाचकहो, उराकामी खोऱ्यांतील ते गरीब शेतकरी आणि बेटांवरील ते कोळी काय करीत असतील याची कल्पना करा. त्यांतील बहुतेकांनीं त्या प्रतिमेवर पाय ठेवला. हें सत्य झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ते सर्वच संत गोन्सालोसारखे धीराचे नव्हते, आपणहि नसतों. परंतु पाय ठेवून घरीं आल्यावर ते गुडघे टेंकून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, आणि देवाजवळ क्षमा मागत. धर्मगुरु नसतां पापनिवेदन करणें अशक्य. अशा वेळीं देवावरील प्रीतीनें केलेला पूर्ण पश्चात्ताप आत्म्यास तारतो, ही शिकवण देणारी एक लहानशी पुस्तिका बंदीच्या आधीं, १६०३ सालीं, जपानी भाषेंत तयार झाली होती. छळाच्या काळांत तिच्या हस्तलिखित नकला घरोघरीं लपवून ठेवण्यांत आल्या. पाय अडखळला, पण हृदय परत फिरलें. पुन्हा अडखळलें, पुन्हा परत फिरलें. ज्यानें पेत्राचें नाकारणें पाहिलें आणि त्याच्या अश्रूंसहि मान दिला, त्या प्रभूनें या अश्रूंचा हिशेब ठेवला नसेल काय?

त्या लोकांनीं आपली व्यवस्था अशी लावली होती. गांवोगांव तीन सेवक असत. एकाजवळ पंचांग असे. कोणता दिवस रविवार, कोणता सण, उपवासकाळ केव्हां लागतो हें तो पाही. दुसरा बाळांस स्नानसंस्कार देई. कारण प्रसंगीं कोणाहि माणसानें पाणी आणि योग्य शब्द यांनीं दिलेला स्नानसंस्कार खरा असतो, हें त्यांस शिकविलेलें होतें. तिसरा घरोघर निरोप पोहोंचवी. प्रार्थना मुखोद्गत करून बापानें मुलास द्याव्यात. लिहून ठेवणें धोक्याचें. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या जपानी तोंडांत घोळून बदलले, अर्थहि कोठें कोठें पुसट झाला, पण प्रार्थना थांबली नाहीं. मांडीवर बाळ घेतलेल्या बौद्ध देवतेच्या मूर्तीपुढें बसून ते मनांत पवित्र मारियेचें स्मरण करीत. त्यांच्यांत एक भविष्यवाणीहि चालत आली होती कीं, सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या गलबतांतून धर्मगुरु परत येतील, आणि मग पापनिवेदन करतां येईल.

किती वर्षें त्यांनीं ही वाट पाहिली? शेवटचे धर्मगुरु गेल्यापासून दोनशें वीस वर्षें!

जपानचीं बंदरें पुन्हा उघडलीं तेव्हां नागासाकींत परदेशी वस्तीसाठीं ओउरा येथें फ्रेंच धर्मगुरूंनीं एक लहान मंदिर बांधलें, आणि १८६५ च्या फेब्रुवारींत तें सव्वीस रक्तसाक्षींस अर्पण केलें. म्हणजे त्या मंदिराच्या आश्रयदात्यांत आमचा गोन्सालोहि आला. ता. १७ मार्च १८६५, शुक्रवार. दुपारच्या सुमारास बारा-पंधरा गांवकरी दाराशीं येऊन घुटमळूं लागले. फादर पतिजां यांनीं दार उघडून त्यांस आंत घेतलें, आणि स्वतः वेदीपुढें प्रार्थनेस बसले. तोंच एक बाई हळूच जवळ आली. आमचें सर्वांचें हृदय आपल्यासारखेंच आहे, असें तिनें त्यांच्या कानाशीं सांगितलें. आणि सांता मारियेची मूर्ति कोठें आहे, असें विचारलें. मूर्तीपुढें गेल्यावर त्यांस आनंद आवरेना. बाळ येशूला पाहून त्यांनीं सांगितलें कीं, आम्ही थंडीच्या महिन्यांत पंचविसाव्या दिवशीं प्रभूचा जन्मदिवस पाळतों, आणि सध्यां आमचा दुःखाचा काळ चालूं आहे. खरोखर तो उपवासकाळच होता. दोनशें वीस वर्षांत पंचांग चुकलें नव्हतें!

येथें आपल्या वसईचाहि इतिहास आठवतो. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज अंमल संपला. बहुतेक युरोपीय धर्मगुरु निघून गेले, मठ ओस पडले. किल्ल्यांतील मंदिरांच्या भिंती आज आकाशाखालीं उभ्या आहेत. ती कसोटी जपानसारखी क्रूर नव्हती; तहांत ख्रिस्ती रयतेस धर्म पाळण्याची मोकळीक होती, हें न्यायानें सांगितलेंच पाहिजे. तरी राजाश्रय गेल्यावर हे लोक धर्म सोडतील असें ज्यांस वाटलें असेल त्यांचा तर्क चुकला. पूर्वजांनीं जो धर्म धरला तो राजाच्या भीतीनें किंवा लोभानें नव्हे, हें त्या काळानें सिद्ध केलें. नागासाकी आणि वसई या दोन भगिनींची साक्ष एकच: राजसत्तेचा आधार सुटला तरी देवाचा आधार सुटत नाहीं.

उराकामीच्या लोकांचा आनंद मात्र फार दिवस टिकला नाहीं. बंदी उठलेली नव्हती. १८६७ सालीं त्यांच्या पुढाऱ्यांस पकडण्यांत आलें. आणि नवें मेइजी सरकार आल्यावर १८६८ ते १८७० च्या दरम्यान सबंध गांव, सुमारें ३४०० माणसें, घरांतून काढून वेगवेगळ्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलीं. त्सुवानो येथें त्यांस गोठलेल्या तळ्यांत उभें करीत, आणि ज्यांत धड उभें राहतां येत नाहीं अशा पिंजऱ्यांत कोंडून ठेवीत. सहाशेंहून अधिक माणसें परत आलीं नाहींत. परदेशांतून निषेध होऊं लागला, परराष्ट्रांत गेलेल्या जपानी वकिलातीस जागोजागीं याच प्रश्नास तोंड द्यावें लागलें, आणि अखेर १८७३ सालीं बंदीचे फलक काढून टाकण्यांत आले. जिवंत राहिलेले घरीं परतले. आपल्या हद्दपारीस ते ‘प्रवास’ असें म्हणत! शेतें ओसाड पडलेलीं. त्यांत १८७४ सालीं अतिसाराची सांथ आली. तेव्हां इवानागा माकी नांवाच्या, स्वतः हद्दपारी भोगून आलेल्या एका तरुणीनें आपल्या मैत्रिणींसह रोग्यांची शुश्रूषा केली, आणि पोरक्या मुलांस पोटाशीं धरलें.

लपलेले सर्वच लोक ख्रिस्तसभेंत परतले असें नाहीं. कित्येकांनीं पूर्वजांच्या गुप्त रीतीच चालूं ठेवल्या. परंतु उराकामीच्या लोकांनीं १८८० सालीं गांवच्या पाटलाचें जुनें घर विकत घेतलें. याच घरीं त्यांच्या वाडवडिलांस प्रतिमेवर पाय ठेवावा लागत असे. त्याच जागीं १८९५ सालीं त्यांनीं विटांचें भव्य मंदिर बांधण्यास घेतलें, आणि १९१४ सालीं तें पुरें केलें. ज्या भूमीवर अपमान झाला होता तीच त्यांनीं वेदी केली.

याच उराकामींत १९३१ च्या सुमारास एक तरुण वैद्यकीय विद्यार्थी भाड्यानें राहावयास आला. ताकाशी नागाई त्याचें नांव. देव, आत्मा या गोष्टी त्यास खोट्या वाटत. परंतु १९३० सालीं आई मरणशय्येवर असतां तिनें त्याच्याकडे जें शेवटचें पाहिलें, त्या दृष्टीनें त्याच्या मनांतील सर्व सिद्धांत डळमळले. आई सर्वस्वीं नाहींशी होईल हें त्याला खरें वाटेना. पुढें फ्रेंच तत्त्ववेत्ता पास्काल याचे विचार त्यानें वाचले. आणि राहावयास घर मिळालें तें मोरियामा कुटुंबाचें. त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या गुप्त ख्रिस्ती लोकांचें पंचांग राखीत आले होते! त्या घरची मुलगी मिदोरी हिनें, नागाई लष्करी नोकरीवर मांचुरियांत असतां, त्यास धर्मप्रश्नोत्तरांचें लहान पुस्तक पाठविलें. १९३४ च्या जूनमध्यें त्यानें स्नानसंस्कार घेतला. नांव धारण केलें तें पाउलो, निशिझाकाच्या पाउलो मिकी यांचें. पुढें मिदोरीशींच त्याचा विवाह झाला.

क्ष-किरणांच्या कामांत अहोरात्र राबल्यानें १९४५ च्या जूनमध्यें त्यास रक्ताचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. दोन-तीन वर्षांहून अधिक आयुष्य नाहीं, असें त्यास कळलें. दोन महिन्यांनीं, ता. ९ ऑगस्ट रोजीं सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं उराकामीच्या खोऱ्यावर अणुबाँब फुटला. उराकामीचें मंदिर त्या स्थानापासून अर्ध्या मैलाच्या आंतच होतें. पापनिवेदनासाठीं आलेले लोक आणि धर्मगुरु तेथेंच गेले. त्या धर्मग्रामांतील सुमारें बारा हजार ख्रिस्तजनांपैकीं साडेआठ हजार जण मृत्यु पावले. डॉक्टर नागाई स्वतः जखमी असतां इतरांच्या जखमा बांधीत राहिले. दोन दिवसांनीं ते घरीं गेले तेव्हां राखेंत मिदोरीचीं हाडें सांपडलीं, आणि त्यांजवळ तिची जपमाळ. दोन्ही मुलें आजीबरोबर दुसऱ्या गांवीं असल्यानें वांचलीं.

अडीचशें वर्षें जी ख्रिस्तसभा तरवारीनें मेली नाहीं ती एका क्षणांत जळून जावी, हें कसें? हा प्रश्न त्या वेळीं अनेकांनीं विचारला, आम्हींहि विचारतों. २३ नोव्हेंबर १९४५ रोजीं पडक्या मंदिराजवळ मृतांसाठीं मिस्सा झाली, तेव्हां नागाई यांनीं त्या मृतांस शांतीसाठीं देवास वाहिलेलें होमार्पण म्हटलें. कित्येकांस त्यानें धीर आला. कित्येकांस तें पटलें नाहीं, आणि पुढेंहि त्यावर टीका झाली. आमचें नम्र मत असें कीं, बाँब टाकणें हें माणसाचें कृत्य. त्याचा दोष देवावर ढकलतां येत नाहीं. परंतु माणसानें केलेल्या अनर्थांतहि आपल्या प्रियजनांचें मरण देवाच्या हातीं ठेवणें, ही श्रद्धा होय. क्रूस तरी कोणी उभारला होता? माणसांनींच. त्याचें तारण कोणी केलें? देवानें.

१९४५ च्या नाताळच्या रात्रीं लोकांनीं ढिगाऱ्यांतून उकरून काढलेली मंदिराची घंटा वाजविली. नागाई अंथरुणास खिळले होते तरी एका लहानशा झोंपडींत पडल्या पडल्या लिहीत राहिले. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीति करावी या आज्ञेवरून त्यांनीं त्या झोंपडीचें नांव ठेविलें होतें. ग्रंथांचे पैसे आले त्यांतून उजाड खोऱ्यांत लावण्यासाठीं त्यांनीं एक हजार चेरीचीं रोपें दिलीं. ता. १ मे १९५१ रोजीं त्यांनीं देह ठेविला. उराकामीचें मंदिर १९५९ सालीं पुन्हा उभें राहिलें; निशिझाका टेकडीवर १९६२ सालीं सव्वीस रक्तसाक्षींचें स्मारक झालें. त्या सव्वीस जणांत बंधु गोन्सालोहि उभा आहे.

धर्मबंधूंनो आणि भगिनींनो, या लांबलेल्या कथेचा बोध थोडक्यांत सांगूं. गोन्सालोस दार बंद झालें, तरी त्यानें देवाशीं अबोला धरला नाहीं. उराकामीचे शेतकरी अडखळले, तरी दर वेळीं परत फिरले. नागाईंस आईच्या मरणानें देवाकडे वळविलें, आणि पत्नीच्या मरणानें देवापासून दूर नेलें नाहीं. आपल्याहि घरांत आजारपण येतें, धंदा बुडतो, मुलगा वाट चुकतो, भरल्या घरांतून कर्तें माणूस उठून जातें. अशा वेळीं श्रद्धा म्हणजे दुःख न वाटणें नव्हे. दुःखांतहि देवाशीं बोलत राहणें होय.

आपणांस आज मंदिर आहे, धर्मगुरु आहेत, रोजची मिस्सा आहे. उराकामीचे लोक ज्या पापनिवेदनासाठीं सात पिढ्या थांबले, तें आपणांस शनिवारीं सायंकाळीं हाताशीं आहे, आणि आपण तें उद्यांवर टाकतों! महोत्सवाची खरी भेट म्हणून आपण एवढेंच करूं: संध्याकाळची जपमाळ घराघरांत पुन्हा चालूं करूं, आणि प्रार्थना पुस्तकावर न सोडतां मुलांच्या मुखीं देऊं. पुढच्या पिढ्यांवर कोणता काळ येईल हें देवच जाणे. तो कसाहि आला तरी, त्यांच्याजवळ देण्यासारखें कांहीं तरी आपण ठेवून गेलों, असें त्यांनीं म्हणावें. संत गोन्सालो गार्सिया, आमच्या धर्मग्रामासाठीं विनंती करा.